कोरफड कुठवर कामाची

यवतमाळ जिल्ह्यात दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू होते आणि जानेवारीपर्यंत, एखाद्या वर्षी त्याही पुढे चालते. पऱ्हाटीवरचं बोंड फुटलं की त्याची टरफलं वाळून कडक होतात आणि त्यांची टोकं बाहेर रोखलेली राहतात. वेचणाऱ्या बायांची बोटं दिवसभर त्या टोकांमधून कापूस ओढत असतात. संध्याकाळपर्यंत नखांच्या कडा सोलवटतात, बोटांच्या पेरांवर बारीक ओरखडे उठतात आणि त्यांवर हिवाळ्याची कोरडी हवा बसली की कातडी ताठरते. टाचांच्या भेगा याच दिवसांत वाढतात. पुढे एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा मान आणि हात भाजून निघतात, आणि पावसाळ्यात चिखलात उभं राहून पायांच्या बोटांत चिखल्या होतात. त्वचेच्या या दुखण्यांपैकी फार थोडी दवाखान्यापर्यंत जातात. मजुरी बुडवून कोणी ओरखडे दाखवायला तालुक्याला जात नाही, आणि जावं अशी अपेक्षाही रास्त नाही. म्हणूनच अंगणातल्या कोरफडीचा विचार गंभीरपणे करायला हवा. ती फुकट आहे, हाताशी आहे आणि या जिल्ह्याच्या उन्हात तगणारी आहे. पण ती यांपैकी कोणत्या दुखण्यावर चालते, कोणत्यावर चालत नाही आणि कुठे तिच्या भरवशावर राहणं घातक ठरतं, हे वेगवेगळं सांगितलं जात नाही. या लेखात मांडायचं आहे ते इतकंच: कोरफडीचा गुण खरा आहे, पण त्याचं क्षेत्र लहान आहे. आणि त्या लहान क्षेत्रातही तो गुण तेव्हाच मिळतो, जेव्हा पान ताजं असतं, त्यातला पिवळा चीक काढून टाकलेला असतो आणि दुखणं कातडीच्या वरच्या थरापुरतं असतं.

यांतले पहिले दोन निकष पानाच्या रचनेतूनच निघतात. कोरफडीचं जून पान आडवं कापून उजेडात धरलं तर त्यात तीन वेगळे भाग दिसतात. बाहेर हिरवी, चिवट साल. सालीच्या लगेच आत बारीक नळ्यांची रांग, आणि त्या नळ्यांच्या कडेच्या पेशींतून काप घेताक्षणी पाझरणारा पिवळा, कडू चीक. आणि मध्ये रंगहीन, पारदर्शक, बुळबुळीत गर. गर आणि चीक एकाच पानात असले तरी त्यांचे स्वभाव अगदी निराळे आहेत. चिकात अॅलॉइनसारखी अँथ्राक्विनोन गटातली द्रव्यं असतात. ती आतड्याला चाळवतात, म्हणून जुलाब होतात. हाच चीक आटवून वाळवला की काळाबोळ होतो, जो आजही काष्ठौषधींच्या दुकानात काळसर खड्यांच्या रूपात मिळतो. गरात मात्र ९९ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि उरलेल्या एक टक्क्यात लांब साखळीच्या शर्करा, थोडी जीवनसत्त्वं, क्षार, विकरं. त्या शर्करांपैकी अॅसिमॅनन नावाच्या शर्करेवर सर्वांत जास्त अभ्यास झाला आहे. जखम भरताना नवे धागे विणणाऱ्या पेशींना आणि जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींना ती चालना देते, असं प्रयोगशाळेत दिसून आलं आहे. त्वचेसाठी आपल्याला हवा असतो तो गर. चीक त्वचेला नकोच असतो. कोरफड लावल्यावर खाज सुटली, पुरळ उठलं, अशी तक्रार अनेक जण करतात. त्यातल्या काहींना गराचीच अॅलर्जी असते हे खरं, पण पान तोडून तसंच अंगावर चोळण्याची जी सर्रास पद्धत आहे, तिच्यात गराबरोबर चीकही कातडीवर जातो आणि दोष गराच्या माथी येतो.

आता पुराव्याकडे. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदिक ग्रंथात कुमारीचे, म्हणजे कोरफडीचे, गुण सांगताना अग्नीने भाजणं आणि त्वचारोग यांचा उल्लेख आहे. पहिल्या शतकातल्या ग्रीक वैद्यकातही कोरफड जखमांसाठी सांगितली आहे. इतक्या दूरच्या दोन परंपरांनी एकच वनस्पती त्वचेसाठी निवडावी ही गोष्ट नजरेआड करण्यासारखी नाही. पण परंपरा आपल्याला कुठे शोधायचं ते सांगते. किती गुण येतो आणि कोणाला येतो, हे मोजूनच कळतं. आधुनिक वैद्यकात कोरफडीचं नाव पहिल्यांदा ठळकपणे आलं ते १९३५ साली. क्ष-किरणांच्या उपचाराने कातडी जळालेल्या रुग्णावर ताज्या पानाचा उपयोग झाल्याची नोंद तेव्हा अमेरिकेत प्रसिद्ध झाली. एका रुग्णावरून काही सिद्ध होत नाही, पण पुढच्या अभ्यासांची ती सुरुवात होती. भाजण्याच्या बाबतीत आज सर्वांत जास्त आधार आहे. २००७ साली थायलंडच्या संशोधकांनी तोवर झालेले चार अभ्यास, मिळून ३७१ रुग्ण, एकत्र पाहिले. वरवर किंवा मध्यम खोल भाजलेल्या जखमा कोरफडीने साधारण नऊ दिवस आधी भरल्या, असा त्यांचा निष्कर्ष होता. २००९ साली इराणमध्ये ३० रुग्णांवर झालेल्या तुलनेत एका भागाला कोरफडीचं मलम आणि दुसऱ्या भागाला भाजलेल्या रुग्णांना नेहमी लावतात ते सिल्व्हर सल्फाडायझिन लावलं. कोरफडीच्या बाजूची जखम सुमारे १६ दिवसांत भरली, दुसरी सुमारे १९ दिवसांत.

इथे थांबलं तर कोरफड जिंकली असं वाटेल. पण पुराव्याचा दुसरा हिस्सा तितकाच महत्त्वाचा आहे आणि जाहिरातींत तो कधीच येत नाही. २०१२ साली कॉक्रेन या पुरावे तपासणाऱ्या संस्थेने सर्व प्रकारच्या जखमांवरच्या सात चाचण्या, ३४७ रुग्ण, बारकाईने पाहिल्या आणि कोरफडीची शिफारस करावी इतका दर्जेदार पुरावा नाही असं म्हटलं. चाचण्या लहान होत्या, त्यांची आखणी ढिली होती. १९९१ चा एक अमेरिकी अभ्यास तर उलटच सांगतो: पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर उकललेल्या खोल जखमांवर कोरफडीचं जेल लावलेल्या स्त्रियांची जखम भरायला सरासरी ८३ दिवस लागले, नेहमीच्या ड्रेसिंगने ५३. सोरायसिसमध्येही असाच गोंधळ आहे. १९९६ च्या एका चाचणीत कोरफडीने बहुतेक रुग्ण सुधारले, तर २००५ साली डेन्मार्कच्या चाचणीत कोरफडीपेक्षा नुसत्या जेलचाच गुण किंचित जास्त आला. आणि ज्या त्रासासाठी कोरफड जगभर विकली जाते तो उन्हाचा दाह. त्यावर २००५ साली थायलंडमध्येच घेतलेल्या चाचणीत तिचा काही उपयोग दिसला नाही. हे सगळे अभ्यास समोर ठेवले की त्यांतला विरोध वाटतो तितका मोठा राहत नाही. जिथे जखम उथळ आहे, कातडीचा खालचा थर शाबूत आहे आणि नव्या पेशी तिथूनच वर यायच्या आहेत, तिथे ओलसर, मऊ आवरण उपयोगी पडतं. जिथे जखम खोल आहे, आत पोकळी आहे, जंतूंचा शिरकाव आहे, तिथे तेच आवरण अडथळा ठरू शकतं. आणि जिथे रोगाचं मूळ शरीराच्या आतल्या व्यवस्थेत आहे, तिथे वरून लावलेल्या गराकडून फार अपेक्षा करता येत नाही.

वेचणाऱ्या हातांशी सर्वांत जवळचा अभ्यास २००३ चा आहे. कारखान्यात काम करून हातांची कातडी कोरडी पडलेल्या, भेगाळलेल्या ३० स्त्रियांना आतून कोरफडीच्या जेलचा लेप दिलेला हातमोजा दिला. एका हाताला मोजा, दुसऱ्याला काही नाही. रोज आठ तास, महिनाभर. मोज्याच्या हाताची कातडी स्पष्टपणे सुधारली. या अभ्यासाचा गाभा आपल्या कामाचा आहे, पण त्यातली उणीवही ध्यानात घ्यायला हवी: दुसऱ्या हाताला साधा मोजा दिला असता तर कोरफडीचा वाटा किती आणि नुसत्या झाकण्याचा किती हे कळलं असतं. त्यातून निघणारा सावध अर्थ असा की कोरफडीने ओलावा द्यावा आणि दुसऱ्या कशाने तरी तो धरून ठेवावा. डिसेंबरच्या कोरड्या हवेत गर लावून हात उघडे ठेवले तर अर्ध्या तासात गर वाळून कातडी पुन्हा ताणते. रात्री हात धुऊन, पुसून, गराचा पातळ थर द्यावा, तो जरा ओलसर असतानाच वर खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावावं आणि जुन्या सुती कापडाने बोटं गुंडाळून झोपावं. टाचांनाही हेच, वर सुती मोजे. तेलाचा हा शेवटचा हात बहुतेक घरांत राहून जातो, आणि मग कोरफडीने फरक पडला नाही असं म्हटलं जातं.

यावर चोखंदळ वाचक विचारेल: गरात जर ९९ टक्के पाणीच असेल, तर ओल्या फडक्याने काय बिघडलं? प्रश्न योग्य आहे आणि त्याचं अर्धं उत्तर 'काही बिघडलं नाही' असंच आहे. कोरफड लावल्यावर जो थंडावा वाटतो तो मुख्यतः पाणी उडून जाण्याचाच असतो. फरक इतका की साधं पाणी कातडीवरून ओघळतं आणि मिनिटांत उडतं, तर त्या एक टक्क्यातल्या शर्करांमुळे गर चिकटून राहतो, सावकाश वाळतो आणि मागे पातळ पापुद्रा ठेवतो. ओरखड्यावर कपडा घासत नाही, तिथली आग कमी होते. हा फायदा लहान आहे, पण तो खोटा नाही. भाजण्याच्या बाबतीत मात्र पाण्याचा मान पहिला आहे आणि तो कोरफडीला देता येत नाही. तव्याचा चटका बसला, गरम तेल उडालं, की आधी त्या जागेवर २० मिनिटं थंड पाणी सोडावं. बर्फ लावू नये, टूथपेस्ट, हळद, शाई यांतलं काही लावू नये. यवतमाळच्या मे महिन्यात इथे एक अडचण येते: गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी नळातून कढत येतं. ते भाजलेल्या हातावर सोडलं तर इजा वाढेल. माठातलं किंवा रांजणातलं पाणी घ्यावं. कातडी पूर्ण निवली, फोड फुटलेला नसला आणि जागा रुपयाच्या नाण्याएवढी, फार तर दोन-तीन बोटांएवढी असली, तरच नंतर गर लावावा. तळहाताहून मोठी जागा, चेहरा, सांधे, लहान मूल किंवा भाजलेला भाग पांढरट पडून तिथे दुखतच नसणं, यांपैकी काहीही असेल तर घरचा उपाय नको, सरळ दवाखाना.

आता झाड. कोरफडीचं मूळ घर अरबस्तानाच्या कोरड्या प्रदेशात मानलं जातं आणि तिचा सगळा संसार तहान सोसण्यासाठी रचलेला आहे. दिवसा ती पानांची रंध्रं मिटून घेते आणि रात्री हवा गार झाली की उघडून कर्बवायू साठवते, त्यामुळे उन्हात पाणी उडत नाही. आपल्याकडे दृष्ट लागू नये म्हणून दाराच्या चौकटीला कोरफड उलटी टांगतात. मुळं हवेत, माती नाही, पाणी नाही, तरी ती महिनोन्महिने हिरवी राहते. तिचं काटकपण एवढ्यावरून कळावं. असं असूनही घरोघरी कोरफडी मरतात, आणि त्या तहानेने मरत नाहीत, पाण्याने मरतात. यवतमाळात याचं मुख्य कारण पायाखालची माती आहे. ज्या काळ्या मातीवर कापूस पोसला जातो तिचा गुण पाणी धरून ठेवण्याचा. कोरफडीला नेमकं तेच सोसत नाही. वावरातली काळी माती कुंडीत भरून कोरफड लावली की जुलै-ऑगस्टच्या झडीत मुळं गुदमरतात, पानांचा बुंधा मऊ, तपकिरी आणि पाणचट होतो आणि एक दिवस पूर्ण झाड हातात येतं. औषध म्हणून ठेवलेल्या झाडाची अशी पानं वापरूही नयेत.

उपाय मात्र याच जिल्ह्यात जागोजागी पडलेला आहे: मुरूम. रस्त्यावर, अंगणात टाकतात तोच बारीक मुरूम, एक भाग. जाडी रेती एक भाग. काळी किंवा बागेची माती एक भाग. आणि चांगलं कुजलेलं शेणखत मूठ-दोन मुठी. भरपूर खत घालण्याचा मोह टाळावा. खताने पानं लुसलुशीत होतात, पण कमकुवत राहतात. कुंडी मातीची असावी, कारण तिच्या अंगातून ओल बाहेर पडते. तळाला भोक हवंच आणि भोकावर विटेचा किंवा कौलाचा तुकडा. जुन्या झाडाच्या बुडाशी फुटलेलं, चार-पाच पानांचं, वीतभर उंचीचं पिल्लू थोड्या मुळांसकट सोडवून घ्यावं आणि लगेच लावू नये. दोन-तीन दिवस सावलीत ठेवून तुटलेली जागा सुकू द्यावी, मग लावावं, आणि लावल्यावरही तीन-चार दिवस पाणी देऊ नये. पुढे पाण्याचा नियम एकच: बोट दोन पेरं मातीत घालून पाहावं, कोरडं लागलं तरच पाणी, आणि द्यायचं तेव्हा तळातून निथळेल इतकं. उन्हाळ्यात साधारण आठवड्याने, थंडीत पंधरा-वीस दिवसांनी हे जुळतं. पावसाळ्यात कुंडी छपरीखाली उचलून ठेवावी. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना घालण्याची आपल्याकडे सवय आहे. कोरफडीला ते घालू नये, कारण पाणी उडून उडून त्यात क्षार साचलेले असतात. उन्हाचंही प्रमाण लागतं. कोरफडीला ऊन आवडतं, पण एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याच्या कडेला ठेवलेली कोरफड लालसर तपकिरी होते आणि आत गर कमी भरतो. पूर्वेकडची जागा, दहा-अकरापर्यंतचं ऊन आणि नंतर सावली, एवढं मिळालं की तिचा हिरवा-राखी रंग परत येतो.

झाड ओळखण्यात होणारी चूक सर्वांत त्रासदायक ठरते. विदर्भात धुऱ्यावर, रेल्वेच्या कडेने घायपात सर्रास दिसते. तिलाही जाड, काटेरी, बुंध्यातून निघणारी पानं असतात आणि नवख्याला ती मोठी कोरफड वाटते. पण घायपातीच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म, अणकुचीदार स्फटिक असतात; तो रस कातडीला लागला की आग होते, खाज सुटते, फोडही येतात. ओळखायची खूण पानाच्या टोकाशी आणि आत, दोन्हीकडे आहे. घायपातीच्या पानाचं टोक म्हणजे कठीण, काळपट काटा. कोरफडीचं टोक मऊ. घायपातीचं पान मोडताना चिवट दोरे निघतात, त्याच दोऱ्यांचे दोर वळतात. कोरफडीचं पान मोडलं की दोरे नाहीत, पिवळा चीक आणि काचेसारखा गर. कोरफडीच्याही शोभेच्या कितीतरी जाती रोपवाटिकांत मिळतात, ठिपक्यांच्या, लाल फुलांच्या. औषधाची ओळखीची कोरफड वाढल्यावर राखी-हिरवी, जवळजवळ बिनठिपक्यांची होते, कडेचे दात लहान आणि फिकट असतात आणि दांड्यावर पिवळी फुलं येतात. पिल्लू घेताना त्याची आई पाहून घ्यावी. शंका असेल तर अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं नागार्जुन वनौषधी उद्यान आहे. तिथे खात्रीची झाडं पाहता येतात.

पान कापायची घाई करू नये. दोन-अडीच वर्षं झाल्याशिवाय पानात पुरेसा गर भरत नाही. कापायचं ते सर्वांत खालचं, बाहेरचं, हातभर लांब पान, धारदार स्वच्छ सुरीने बुंध्यापासून. एका वेळी एक, आणि झाडावर आठ-दहा तरी पानं राहतील असं. कापल्यावर पान उभं, कापलेली बाजू खाली करून, वाटीत १०-१५ मिनिटं ठेवावं. वाटीत जो पिवळा रस जमतो तो पाहिला की आजवर आपण काय अंगावर चोळत होतो ते कळतं. तो टाकून द्यावा. मग पान धुऊन, दोन्ही कडांचे काटे काढून, सपाट बाजूची साल सुरीने सोलावी. उघड्या पडलेल्या गरावर कुठेकुठे पिवळसर छटा दिसते. गर पुन्हा पाण्याखाली धरून ती घालवावी. उरलेला स्वच्छ तुकडा लावायचा. पहिल्यांदा वापरणाऱ्याने तो कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर वाट पाहावी. लाली, खाज आली तर कोरफड आपल्यासाठी नाही. कांदा-लसणाची अॅलर्जी असणाऱ्यांनी विशेष जपावं. उरलेला गर फ्रिजमध्ये झाकून एखादा दिवस टिकतो. हवेने आणि स्वतःच्याच विकरांनी तो पातळ होतो, गुलाबी-तपकिरी पडतो, आणि ज्या लांब शर्करांसाठी आपण तो लावतो त्यांच्या साखळ्या तुटतात. महिनाभराचा गर मिक्सरमधून काढून बाटलीत भरून ठेवण्याची कृती फार फिरते. त्या बाटलीत आठवड्याने औषध कमी आणि जंतूच जास्त असतात. झाडावरचं पान हीच कोरफडीची खरी बाटली.

मग दुकानातली ट्यूब काय वाईट, असा आक्षेप येईल. ती टिकते, स्वच्छ असते, काटे नसतात. मान्य, आणि टिकाऊ घटक घातल्याशिवाय गर टिकतच नाही, त्यामुळे ते घटक असणं हा गुन्हा नाही. अडचण दुसरीकडे आहे. गर रंगहीन असताना ट्यूबमधलं जेल हिरवंगार का असतं? रंग आणि सुगंध यांचा त्वचेला काही उपयोग नाही, आणि सुगंधी द्रव्यं हे संपर्कातून होणाऱ्या अॅलर्जीचं नेहमीचं कारण आहे. शिवाय आत कोरफड किती, हे ग्राहकाला तपासता येत नाही. २०१६ साली अमेरिकेत मोठ्या दुकानांच्या नावाने विकली जाणारी काही जेल प्रयोगशाळेत तपासली तेव्हा त्यांत अॅसिमॅननसारख्या कोरफडीच्या खुणाच सापडल्या नाहीत. घटकांची यादी सहसा प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते. कोरफड यादीच्या तळाशी असेल तर पैसे कशाचे जात आहेत ते समजावं. ज्याच्याकडे कुंडीला जागा नाही त्याने बिनवासाचं, बिनरंगाचं जेल निवडावं. ज्याच्याकडे आहे त्याला ट्यूबची गरज नाही.

दुसरा आक्षेप पोटात घेण्याचा. कुमारीआसव आयुर्वेदात आहे, मग घरचा रस रोज सकाळी का नको? कारण वैद्य देतो ते मात्रा ठरवून, संस्कार करून, रोगी पाहून दिलेलं औषध असतं. घरी सालीसकट वाटलेल्या रसात चीक किती गेला याचा अंदाज नसतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ साली कोरफडीच्या चिकाची जुलाबाची औषधं बिनचिठ्ठीच्या विक्रीतून बाहेर काढली. अख्ख्या पानाचा, चीक न काढलेला अर्क उंदरांना पाण्यातून दोन वर्षं दिल्यावर मोठ्या आतड्यात गाठी झाल्या, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने अख्ख्या पानाच्या अर्काला संभाव्य कर्करोगकारकांच्या यादीत घातलं. हा निष्कर्ष कातडीवर लावायच्या गराबद्दल नाही, आणि तसा त्याचा अर्थ लावू नये. पण गरोदर स्त्री, अंगावर पाजणारी आई, लहान मुलं, मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी घरचा रस पिऊ नये हे निःशंक सांगता येतं.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा यवतमाळच्या संदर्भात वेगळी सांगावी लागते. २०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यातले वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. डोक्याएवढी उंच पऱ्हाटी, अंगाला चिकटलेला ओला सदरा, मास्क नाही, आणि औषध श्वासातून तसंच कातडीतून आत. फवारणीनंतर अंगाची आग होते, पुरळ उठतं, तेव्हा घरी पहिला हात कोरफडीकडे जातो. तो थांबवला पाहिजे. विष अजून कातडीवर असतं. त्यावर गराचा थर म्हणजे ते तिथेच ओलसर ठेवणं. कपडे लगेच काढावेत, साबण आणि भरपूर पाण्याने केसांसकट अंग धुवावं, आणि डोळ्यांसमोर अंधारी, मळमळ, लाळ, घाम, छातीत घुसमट यांपैकी काहीही असेल तर फवारणीच्या औषधाची बाटली सोबत घेऊन तडक दवाखाना गाठावा. ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या विषावर उतारा आहे, पण तो वेळेत टोचावा लागतो. त्या वेळेतली दहा मिनिटंही कुंडीपाशी घालवू नयेत.

गजकर्णावरही कोरफड लावू नये. ती बुरशी आहे, तिला ओल हवीच असते. मेडिकलमधून आणलेली स्टेरॉइड मिसळलेली मलमं तिला आणखी चिवट करतात, तेव्हा तीही टाळून डॉक्टरकडून पूर्ण मुदतीचं औषध घ्यावं. पायांच्या बोटांतल्या चिखल्यांचंही तसंच, त्यांना कोरडं ठेवणं हाच उपाय. घामोळ्यावर जाड थर नको. मधुमेह असलेल्याच्या पायाची जखम कितीही लहान दिसली तरी ती घरी सांभाळायची नसते. आणि अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, त्यावर कापसाचा बोळा फिरवला तरी स्पर्श कळत नसेल, घाम येत नसेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. वणीच्या पलीकडे वर्धा नदी ओलांडली की वरोऱ्याला बाबा आमट्यांचं, कुष्ठरुग्णांसाठी उभं राहिलेलं आनंदवन आहे; हा रोग आपल्या भागात किती खोल रुजला होता हे विदर्भाला सांगायला नको. आज तो औषधाच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो आणि त्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. असा चट्टा कोरफडीने मऊ पडतो, संवेदना काही परत येत नाही, आणि नसा मात्र महिन्यामहिन्याने निकामी होत जातात. आशाताईला तो दाखवायला एक दिवसही उशीर करू नये.

हे सगळं वगळल्यावर कोरफडीकडे उरतं ते सोलवटलेली बोटं, भेगा, किरकोळ चटका, उन्हाने तापलेल्या कातडीला थोडा आराम. वर्षभर शेतात राबणाऱ्या घराला हे थोडं नाही. लावायला उत्तम वेळ पाऊस ओसरल्यानंतरची, दसरा-दिवाळीच्या सुमाराची, म्हणजे उन्हाळ्याआधी मुळं धरतात. या दिवाळीला लावलेल्या पिल्लाचं पहिलं पान तिसऱ्या वर्षीच्या वेचणीला कापता येईल. तोवर शेजारच्या जुन्या झाडाचं एखादं पान मागून घ्यावं, आणि आपल्या झाडाच्या बुडाशी पिल्लं फुटू लागली की ती कुंडीत दाटी करू न देता, घायपातीची खूण सांगून, गल्लीत वाटून टाकावीत.